दुसऱ्या अंतऱ्यातलं वळण

मंगळवारी दुपारी एक वाजता तिने तालमीच्या हॉलचं दार उघडलं आणि ती दारातच थबकली. आत एक माणूस नाचत होता.

गाणं लावलेलं नव्हतं. आरशांवर चादरी टाकलेल्या होत्या आणि अर्ध्या हॉलची लाकडी जमीन उचकटून भिंतीला लावून ठेवलेली होती. उरलेल्या अर्ध्या जमिनीवर हा उंच माणूस, कानामागे पेन्सिल, गुडघ्यांवर लाकडाचा भुसा, डोळे गच्च मिटलेले... टाच टेकवून तळवा हळूच खाली सोडत होता, कमरेतून झुकून बाजूला सरकत होता, गर्रकन फिरून एका पायावर थांबत होता. थांबला की कान देऊन काहीतरी ऐकायचा, वाकून खडूने फळीवर फुली मारायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

बारा वर्षं ती नाचणाऱ्यांमध्ये वावरत होती. चांगलं कुठलं आणि नुसतं दिखाऊ कुठलं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. हे चांगलं होतं. इतकं चांगलं होतं, की तिला थोडा रागच आला.

“काय चाललंय इथे?”

“श्श्...” डोळे न उघडताच त्याने एक बोट वर केलं. पायाखालची फळी दाबली. फळी कुरकुरली. “सापडली!” त्याने फुली मारली आणि मग कुठे मान वर केली. “फळ्या शोधतोय, मॅडम. कुरकुरणाऱ्या.”

“नाचून?”

“चालून सापडत नाहीत. चालताना माणूस एकाच तऱ्हेने वजन टाकतो. तुमच्या मुली काय इथे चालणार आहेत? त्या उड्या मारणार, घसरणार, गिरक्या घेणार. जमीन जशी वापरायची तशीच तपासायला नको?”

“आणि डोळे मिटायचे कशासाठी?”

“उघडे ठेवले की पाय नेमका चांगल्या फळीवर पडतो. पाय फार लबाड असतात.”

तिने शिक्षिकेच्या आवाजात फर्मावलं, “आत्ता शेवटी जे केलंत ना, फिरून एकदम थांबलात... ते परत करून दाखवा.”

सुताराने आज्ञाधारकपणे केलं. ते भलतंच काहीतरी होतं. सुंदर होतं, पण भलतंच.

“हे नव्हतं.”

“नव्हतं का?” त्याने मान खाजवली. “मग गेलं ते.”

“गेलं म्हणजे?”

“आलं तसं गेलं. मी काय धरून ठेवतो होय?”

तिने कपाळाला हात लावला. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून जमीन फुगली, ती दुरुस्त करायला माणूस आला, आणि तो माणूस हा असा!

तालमीतल्या मुली तिला पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं, कारण ते खरं होतं. चार मिनिटांच्या गाण्यात कोणाचा डावा हात अर्धी मात्रा उशिरा उठला हे ती शेवटच्या रांगेकडे पाठ करून सांगायची. ग्रुप चालवणाऱ्या मोठ्या बाईंचे एकवीस नाच तिला पाठ होते, अगदी कोणी कुठे श्वास घ्यायचा इथपर्यंत. फक्त बाविसावा नाच तिला बसवता येत नव्हता. स्वतःचा असा एकही नाच मोजपट्टीने आजवर बसवलेला नव्हता.

आणि आता नेमकं तेच मागितलं गेलं होतं. मोठ्या बाईंचा गुडघा कायमचा रुसला होता आणि त्या ग्रुप कोणाच्या तरी हाती देऊन मोकळ्या होणार होत्या. “तुझा स्वतःचा एक नाच दाखव,” त्यांनी तिला बजावलं होतं. “महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, अकरा वाजता. आवडला तर ग्रुप तुझा. नाहीतर सोमवारी बाहेरचा माणूस येतोय, त्याला मी होकार कळवीन. मग तू त्याची मदतनीस. जशी माझी आहेस तशी.” त्या शनिवारला अठरा दिवस उरले होते. तिच्याकडे गाणं होतं, आठ मुली होत्या, आणि पुढे ठणठणाट.

ती बसून राहिली. सुतार डबा उघडून जेवायला बसला, तरी ती खिडकीखाली स्टुलावर बसूनच होती. मग तिने पिशवीतून तपकिरी कागदाची लांबलचक गुंडाळी काढून जमिनीवर पसरली. त्यावर तिने सबंध गाणं आखलं होतं: सुरुवातीचं संगीत, मुखडा, पहिला अंतरा, मुखडा, दुसरा अंतरा, मग सगळी वाद्यं थांबून एकट्या ढोलकाच्या बत्तीस मात्रा, आणि शेवटी दोनदा मुखडा. मुखड्याचे पट्टे निळे, अंतऱ्यांचे पिवळे. पट्ट्यांच्या आत मात्र कोरं.

सुतार घास चावत चावत येऊन उभा राहिला. “कपाट छान आहे.”

“गाणं आहे ते!”

“तेच की. हे निळे म्हणजे उभे खांब. सगळे एकसारखेच हवेत, नाहीतर कपाट हलतं. आणि हे पिवळे खण. खणात काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दोन्हींत तेच ठेवलंत तर दोन खण कशाला?” त्याने ढोलकाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “आणि हा?”

“माहीत नाही,” ती खरं बोलून गेली.

“वाजवा बरं एकदा.”

तिने वाजवलं. डबा तसाच उघडा टाकून तो नाचला.

त्या दुपारी तिने पहिल्यांदा पाहिलं की गाणं माणसाच्या आत शिरतं म्हणजे काय होतं. मुखडा आला की तो पाय फाकवून खाली जायचा आणि दोन्ही तळवे पुढे ढकलायचा, लांब आणि एकसंध, रंधा मारावा तसे. पहिल्या अंतऱ्यात त्याची पावलं बारीक, चपळ, आडवी पळाली. दुसऱ्यात तो संथ झाला, खांदे सैल सोडून. ढोलकात त्याने काय केलं ते तिला कळलंच नाही. ती लिहायचीच विसरली होती.

“कोणाकडे शिकलात?” तिने विचारलं.

“कोणाकडे नाही. शाळेच्या मागच्या मैदानात आम्ही पोरं करायचो. फ्रीस्टाइल. ज्याला जे येईल ते.” त्याने उरलेली पोळी गुंडाळून तोंडात टाकली. “तुम्ही नाही करत?”

“मी? मला... मला आधी काउंट लागतात.”

“करून बघा. गाणं लागू दे, मोजू नका, नुसतं ऐका.”

तिने करून बघितलं. ओठ मिटलेले होते, पण आतून एक-दोन-तीन-चार चालूच होतं, आणि ती काठीसारखी ताठ उभी राहिली. तो हसला नाही. ही त्याच्याबद्दल तिला मनापासून आवडलेली पहिली गोष्ट.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी नाचतो, तुम्ही मोजा. दोघांना मिळून एक नाच येतोय की.”

असा तो उद्योग सुरू झाला. रोज दुपारी एक ते दोन. तो जेवणाच्या सुट्टीत पाच वेळा नाचायचा आणि ती खिडकीखालच्या स्टुलावर बसून वहीत टिपायची. मोबाईलवर चित्रण करू देईना. “कॅमेरा दिसला की माझे पाय शहाणे होतात,” म्हणे. मग नियम काय, हे दुसऱ्याच दिवशी त्याने ठरवून टाकलं.

“एकदाच आलं तर ते माझं. सोडून द्या. तीनदा आलं, तर ते गाण्याचं. ते तुमच्या कपाटात ठेवा.”

किती साधा नियम! पण मोजपट्टीच्या अंगावर काटा आला, कारण बारा वर्षं ती जे शोधत होती ते कोणीतरी डबा खाता खाता सांगून टाकलं होतं. सुचायची वाट बघत बसायचं नाही. शरीराला गाण्यावर मोकळं सोडायचं आणि पुन्हा पुन्हा काय येतंय यावर डोळा ठेवायचा. आणि डोळा ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“तुम्ही मुखड्याला दर वेळी खाली बसता,” ती म्हणाली.

“मी?”

“पंधरापैकी पंधरा वेळा.”

“बाप रे,” तो वहीत डोकावला. “माझ्यापेक्षा तुम्हालाच मी जास्त माहीत आहे.”

ती घाईघाईने पुढचं पान उलटायला लागली.

कागदावरचे पट्टे भरू लागले. संध्याकाळी पाचला मुली आल्या की दुरुस्त झालेल्या अर्ध्या भागात ती त्यांना ते शिकवायची. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा दोघीच खाली जाऊन तळवे ढकलतील, दुसऱ्यांदा चौघी, शेवटी आठही. खांब तोच, पण दर वेळी जाड होत जाणारा. हे तिला सुचलं होतं, तिचं तिला! ती हे दुसऱ्या दिवशी सुताराला सांगायला गेली तेव्हा तिचे गाल तापले होते, आणि तो करवत खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिला.

“हे मला सात जन्मांत सुचलं नसतं,” तो म्हणाला.

तसा तो बोलायला चोख होता. पॉलिशचा डबा उघडून द्यायला ती पुढे झाली तर, “हळू, मॅडम, तुमची बोटं मोजायच्या कामाची आहेत.” उशीर झाला तर, “आज चार मिनिटं उशीर. मीही शिकलो मोजायला.” एकदा मुलींपैकी एकीने तोंड सोडलं आणि त्याला ते नाव कळलं. दुसऱ्या दिवशी ती आत आली तेव्हा तो फूटपट्टी लावून फळी आखत होता. वर न बघताच म्हणाला, “या, मोजपट्टी.” तिला राग यायला हवा होता. आला नाही.

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय!

“सुतार म्हणतो, ओलं लाकूड कधी घाई करून बसवू नये,” जेवताना मोजपट्टी सांगत होती. “आणि सुतार म्हणतो...”

“तू सगळं मोजतेस ना गं?” वहिनीने विचारलं. “मग एवढं मोज. बसल्यापासून किती वेळा सुतार म्हणालीस?”

“काहीतरीच तुझं!”

“अकरा,” पलीकडून दादा म्हणाला, आणि त्याने शांतपणे भात वाढून घेतला.

तिने मान खाली घातली. नाच बसतोय, एवढाच आनंद आहे, असं तिने स्वतःला समजावलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला जे आठवत होतं ते मात्र नाच नव्हतं. नाच संपल्यावर तो हातांनी घाम पुसत, जरा लाजत, “जमलं का?” विचारायचा, ते होतं.

दुसऱ्या अंतऱ्यात तिला एक विलक्षण गोष्ट सापडली होती. तिसऱ्या ओळीला, नेमक्या अकराव्या मात्रेला, तो मान डावीकडे वळवायचा, सावकाश, आणि उजवा हात अर्धा उचलून तसाच हवेत ठेवायचा. पुढची मात्रा सोडून द्यायचा. सगळं अंग थांबायचं. मग हात खाली. दर वेळी! तिने ते वहीत निळ्या शाईने दोनदा अधोरेखित केलं. सबंध नाचात तिला सगळ्यांत प्रिय असलेली ती जागा होती. आठही मुलींना तिने ती घोटून घोटून शिकवली. “हात पूर्ण उचलायचा नाही. अर्धा. विचारू की नको, असा.”

ढोलकाच्या बत्तीस मात्रा मात्र कोऱ्याच राहिल्या. तिथे तो रोज नवं करायचा, तीनदा सोडा, दोनदासुद्धा काही आलं नाही.

“तिथे काय करू?” तिने विचारलं.

“तिथे गाण्याचं काहीच नाही बहुतेक,” तो म्हणाला. “तिथे नाचणाऱ्याचंच आहे.”

बुधवारी वॉर्निशचा शेवटचा हात वाळला आणि काम संपलं. तो हत्यारं पिशवीत भरत होता. रंधा, पटाशा, गुण्या, एकेक पुसून. ती मदत करायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होती.

“पुढचं काम कुठे?”

“लांब. दुसऱ्या गावी नाटकगृह बांधतायत, तिथला रंगमंच. रविवारी निघायचंय. सहा महिने तरी.” त्याने पिशवीचा बंद आवळला, सोडला, पुन्हा आवळला. “शनिवारी... बघायला येऊ का?”

“या की,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली. तो गेल्यावर नव्या जमिनीवर ती एकटीच उभी राहिली आणि तिला हॉल फार मोठा वाटायला लागला.

गुरुवारी संध्याकाळी मोठ्या बाईंनी कच्चा नाच बघायला मागितला. खुर्ची मध्यभागी, हातात काठी, चेहरा कोरा. मोजपट्टी गाण्याच्या यंत्राजवळ उभी होती आणि तिची पाचावर धारण बसली होती.

पहिल्या मुखड्याला दोघी खाली गेल्या. बाईंची काठी जमिनीवर हलकेच वाजू लागली. दुसऱ्या मुखड्याला चौघी गेल्या, तशी त्यांनी मान डोलावली. बारा वर्षांत त्यांना मान डोलावताना कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. मग दुसरा अंतरा आला आणि आठही मुलींनी माना डावीकडे वळवल्या. काठी थांबली. पुढे ढोलक लागलं, मुली नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटच्या मुखड्याला आठही जणींचे तळवे पुढे गेले. संपलं.

“हे तुझं?” बाईंनी विचारलं.

“पावलं त्या सुताराची, बाई. मांडणी माझी.”

“मांडणीलाच नाच म्हणतात. पावलं सगळ्यांकडे असतात.” हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. “पण दोन गोष्टी. ढोलकाला मुली बस थांब्यावर असल्यासारख्या उभ्या आहेत. ते भर. आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्या खिडकीकडे काय बघतात?”

“ती... ती स्टेप आहे, बाई.”

“पन्नास वर्षं नाचतेय मी. ती स्टेप नाही. कोणीतरी कोणालातरी बघतंय. आठजणी बघतायत म्हणून मीही बघितलं, तर तिथे कोणीच नाही! फसवल्यासारखं होतं. एक तर काढून टाक, नाहीतर तिथे माणूस बसव.” त्यांनी काठीने खिडकीकडे दाखवलं. “काय आहे काय तिथे?”

सगळ्यांत धाकट्या मुलीला राहवलं नाही.

“ताई, तिथे तर तुम्ही बसता.”

खिडकीखाली स्टूल होतं. स्टुलावर तिचा स्वेटर होता, बुधवारपासून विसरलेला. मोजपट्टीचे कान आधी लाल झाले, मग मान, मग बहुधा सगळीच ती. आठही मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. मोठ्या बाई खिडकीकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला.

रात्रभर तिने वही चाळली. बारा दिवस, रोज पाच वेळा. त्यातल्या एका पानावर लाल शाई होती. त्या दिवशी खिडकीखाली वॉर्निश ओलं होतं म्हणून ती दाराजवळ बसली होती, आणि तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: ‘आज पाचही वेळा मान उजवीकडे. चूक.’

चूक! जगात दुसरी कुठली बाई असं लिहील?

शुक्रवारी दुपारी ती त्याच्या कारखान्यावर गेली. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, कापलेल्या लाकडाचा गोडसर वास. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तो पाटाला घासकागद मारत होता. तिला बघून ताडकन उभा राहिला आणि कानामागची पेन्सिल खाली पडली.

“नाच आवडला नाही का बाईंना?”

“नाच आवडला.” तिने वही उघडून त्याच्यासमोर धरली. “हे वाचा.”

त्याने वाचलं. बराच वेळ लागला त्याला, दोनच ओळी होत्या तरी.

“तुम्हीच म्हणाला होतात,” ती म्हणाली, “तीनदा आलं तर ते गाण्याचं. हे साठ वेळा आलंय. पंचावन्न वेळा डावीकडे, पाच वेळा उजवीकडे. गाणं तर बदललं नव्हतं. मी जागा बदलली होती.”

तो घासकागदाची घडी घालत होता, उलगडत होता.

“मला माहीत नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे... पहिले तीन-चार दिवस खरंच माहीत नव्हतं. मग कळलं. मग वाटलं, तुम्ही एवढं सगळं टिपताय तर हेही टिपाल आणि म्हणाल काहीतरी. तुम्ही टिपलंत, आणि आठ मुलींना शिकवलंत!” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “हो. तुम्हाला बघत होतो. मान खाली घालून लिहिता, जीभ जराशी बाहेर असते, आणि त्या ओळीला दर वेळी मान वर करता. फक्त त्या ओळीला. म्हणून तेव्हाच बघायचो. मला तुम्ही फार आवडता, मोजपट्टी. झालं सांगून.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिला हजार गोष्टी म्हणायच्या होत्या आणि त्यातली एकही रांगेत उभी राहीना.

“मला... उद्या अकरा वाजता या,” ती म्हणाली आणि वही तिथेच विसरून पळाली.

शनिवारी अकराला हॉल भरला होता. मुलींचे आईवडील, दादा-वहिनी, बाईंचे जुने शिष्य. सुतार अगदी मागे, दाराला टेकून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. खिडकीखाली स्टूल होतं आणि त्यावर मोजपट्टी बसली होती. काढून टाकायचं तिच्याच्याने झालं नव्हतं, म्हणून तिने माणूस बसवला होता.

गाणं सुरू झालं. दोघी, मग अंतरा, मग चौघी. दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीला आठही माना वळल्या आणि आठ हात अर्ध्यावर थांबले. या वेळी त्यांना उत्तर द्यायला तिथे कोणीतरी होतं. सबंध हॉलने तिच्याकडे बघितलं. ती स्टुलावरून उठली.

वाद्यं थांबली. एकटं ढोलक उरलं.

बत्तीस मात्रांसाठी तिने काहीही बसवलेलं नव्हतं. मुलींना फक्त बाजूला व्हायला सांगितलं होतं. पहिल्या ठोक्याला तिचं पाऊल पुढे पडलं ते भीतीनेच. दुसऱ्याला तिला वाटलं, आता आपण काठीसारखे उभे राहणार. मग दाराशी तो दिसला, श्वास रोखून उभा असलेला, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला, आणि तिला एकदम हसू आलं. हसू आलं तसे खांदे सुटले. तिने गिरकी घेतली, अर्ध्यावर मोडली, उलटी फिरली, खाली बसून हात जमिनीवरून सरकवले, उठली, लाजली आणि ते लाजणंही नाचातच गेलं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका धरल्या ती भर हॉलमध्ये चुकत होती, आणि इतकी देखणी दिसत होती की वहिनीने दादाचा हात घट्ट पकडला. शेवटच्या ठोक्याला तिने मान दाराकडे वळवली आणि हात उचलला. अर्धा नाही, पूर्ण.

मग मुखडा कोसळला, आठही जणींचे तळवे पुढे गेले आणि टाळ्यांनी गाण्याचा शेवट ऐकूच दिला नाही.

मोठ्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. “सोमवारी येणाऱ्या माणसाला मी नको म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या. “ग्रुप तुझा.” आणि तिच्या गालावर हात ठेवून, फक्त तिला ऐकू येईल असं, “मला असं कधीच जमलं नाही गं.”

तिने वाकून त्यांना मिठी मारली. मग डोळे पुसत ती सरळ दाराकडे गेली. लोक आपोआप बाजूला झाले. सुतार शर्टाच्या बाहीचं बटण उगाच लावत होता, काढत होता.

“मला पण तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “फार. काल सांगता आलं नाही.”

“आत्ता सांगितलंत की. ढोलकात,” तो म्हणाला. “पण मी उद्या...”

“माहीत आहे. सहा महिने. तिथे जायला पहिली गाडी कितीची असते?”

“सकाळी साडेसहाची. पण तुम्हाला कसं जमणार? आता सगळा ग्रुप तुमच्यावर.”

मोजपट्टीने मागे वळून बघितलं. आठही मुली कान टवकारून उभ्या होत्या आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होत्या. या हॉलमध्ये बारा वर्षांत एकही रविवार तालमीशिवाय गेला नव्हता.

“मुलींनो,” ती म्हणाली, “आजपासून दर रविवारी सुट्टी.”

मुली अशा काही ओरडल्या की मोठ्या बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या गोंधळात सुतार वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. काय बोलला ते तिच्याशिवाय कोणालाच ऐकू आलं नाही, आणि वहिनीने पुढे कितीही खोदून विचारलं तरी तिने ते सांगितलं नाही.